चित्र अडकतंय

नाही हो दादा, लॅपटॉप पडलाबिडला नाहीये, पाणीही सांडलेलं नाही — मी तर त्याच्यावर फडकं घालून ठेवते, कुणाला हात लावू देत नाही, आणि लावायला घरात आहे तरी कोण? फक्त चित्र अडकतं. म्हणजे असं — मुलाचा व्हिडिओ कॉल येतो ना, ब्राउझरमधूनच येतो, तो लिंक पाठवतो आणि मी दाबते — तर आधी छान दिसतो, आणि मग त्याचा हात वर जातो आणि वरच राहतो. चेहऱ्याचे नुसते चौकोन चौकोन. आणि एकदम बघावं तर हात खाली आलेला असतो, आणि मधे काय झालं ते देवालाच ठाऊक! आणि आतला पंखा असा घोंघावतो की शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, मिक्सर लावलाय का? आवाज? आवाजाचं काही नाही — अहो, स्पीकर कशाला तपासताय, राहू द्या ते. आम्हाला आवाज लागतच नाही. ऐकू येत नाही माझ्या मुलाला. जन्मापासूनच. असं तोंड करू नका हो, चांगलं चाललंय त्याचं — इमारतींचे नकाशे काढतो, लांब असतो, स्वतःचं घर स्वतः चालवतो, साहेब खूश आहेत त्याच्यावर. हातांनी बोलतो तो. म्हणून तर म्हणतेय, चित्र अडकलं की सगळंच खुंटलं.

त्याने सांगितलंय काय करायचं ते. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन — बघा, जीभ अडखळते पण पाठ केलंय मी! ते म्हणे ब्राउझरच्या सेटिंगमध्ये असतं आणि आपल्याकडे बंद दिसतंय. फोटो काढून पाठवले त्याने, लाल बाण काढून काढून, आधी इथे दाब, मग तिथे दाब, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. नाही, मी नाही केलं. मला वाटलं भलतंच काहीतरी दाबलं जाईल, आणि आहे तेही जाईल. मग त्याने परत लिहिलं. मग परत लिहिलं. शेवटी म्हणाला, आई, तुला जमत नसेल तर दुकानात ने, पण या आठवड्यात ने. म्हणून आले. काय म्हणालात? एकच बटण आहे? एवढंच — सरकवायचं आणि ब्राउझर बंद करून परत उघडायचा? ...हो का. एकच बटण होय. बरं. मला वाटलं दोन-चार दिवस ठेवून घ्याल तुम्ही. मी तर त्याला तसं कळवूनही टाकलं होतं, की दुकानवाले बहुतेक ठेवून घेतील म्हणून. ठेवून घ्या की — नीट तपासा सगळं, घाई काही नाही मला.

बंद कुणी केलं म्हणता? आपोआप नाही होत? मग ह्यांनीच केलं असणार. मागे पडद्यावर काळे पट्टे यायचे, तेव्हा ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं, हे बंद करा म्हणजे पट्टे जातील. गेले पट्टे. आणि मग परत चालू करायचं राहिलं ते राहिलंच, आणि... आता विचारायला हे नाहीत. या वर्षीच गेले. असो. तुम्ही तुमचं काम करा. ते तुम्ही मघाशी काय म्हणत होतात, आत चित्रांसाठी वेगळा भाग असतो? आणि तो नुसता बसून होता? आणि दुसरा बिचारा एकटाच सगळं ओढत होता, म्हणून तापायचा? घ्या! म्हणजे आमच्या घरासारखंच झालं की. आमच्याकडेही बोलायचं खातं सगळं ह्यांच्याकडे. मुलगा आला की दोघं समोरासमोर बसायचे आणि हात असे भराभर — हसायचे काय, भांडायचे काय, टेबलावर काय थापा मारायचे — आणि मी आतून विचारायची, अहो काय म्हणतोय तो? की हे सांगायचे, काही नाही, ऑफिसातली गंमत सांगतोय. तासभर हातवारे आणि मला काय, तर ऑफिसातली गंमत! पण चालत होतं हो. मी बोलले की त्याला ओठांवरून कळतं, अगदी नीट कळतं, आणि तो काय म्हणाला ते हे मला सांगणार. अडलं कुठे होतं?

नाही, अगदीच येत नाही असं नाही! येतं मला. जेवलास का — हे बघा — झोप, ये, दुखतंय का, पुरे, नळ बंद कर, बाहेर जाऊ नको... एवढं येतं की. घरात काय लागतं त्याहून जास्त? आणि मी शिकले नाही असं कुणी म्हणू नये, मला शिकूच दिलं नाही. त्याच्या शाळेतल्या बाई होत्या, त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, हातांची सवय लावाल तर हा जन्मात बोलणार नाही. आई आहात, तुम्हीच कडक राहा. मग राहिले मी कडक. रोज आरशासमोर घेऊन बसायची. त्याचा तळहात माझ्या गळ्यावर ठेवायचा, मी ‘आ’ म्हणायचं, त्याने ‘आ’ म्हणायचं. ओठांसमोर कागदाचा कपटा धरायचा, ‘प’ म्हटलं की कपटा उडाला पाहिजे. आणि हात हलवायला लागला की धरून ठेवायचे मी त्याचे हात, दोन्ही हात, मांडीवर दाबून — मारलं नाही कधी, हां! नुसतं धरून ठेवायचं. आणि बोलला तो, का नाही बोलला! ‘आई’ म्हणाला, ‘पाणी’ म्हणाला. मग एकदा गल्लीतली पोरं त्याच्या आवाजाला हसली, त्यानंतर जो गप्प झाला तो झालाच. आणि आमचे हे! मला न सांगता संध्याकाळी कुठेतरी जाऊन ती भाषा शिकून आले. वर्षभर मला वाटत होतं, ऑफिसात काम वाढलंय. एक दिवस मी बाहेरून आले तर दोघं जमिनीवर बसलेले, आणि माझं पोर — कसं सांगू तुम्हाला, एवढं बोलत होतं! हात थांबतच नव्हते. मला बघितलं आणि त्याने हात पाठीमागे लपवले. मला बघून लपवले. मी तशीच स्वयंपाकघरात गेले, भांडी घासली.

पण मग नंतर मी शिकायला हवं होतं, असं ना? तसं बघताय तुम्ही. अहो, मग तोवर त्या दोघांचं सगळं जुळून गेलं होतं. मधे बसून मी काय करणार? आणि तो काही मला टाकून बोलत नाही, उलट मेसेज लिहितो, रोज लिहितो. आई, गोळी घेतलीस का? आई, गॅसचा नॉब बघ. लिहिलेलं मला सगळं कळतं. पण हे गेल्यापासून रविवारचा तो कॉल तेवढा — ह्यांच्याशी व्हायचा तो आता माझ्याशी होतो. आणि मी आपली मान हलवते. हो हो म्हणते. आणि फारच बोलायला लागला की... की चित्र अडकतं. आता अडकतं तर मी काय करू? खरंच अडकतं, तुम्हीच आत्ता बघितलंत! मी लिहिते, बाळा, चित्र अडकतंय, नंतर बोलू. कधी... कधी अडकायच्या आधीही लिहिते, पंख्याचा आवाज वाढला की. कारण अडकणारच असतं ना ते पुढे.

आता त्याला मला काहीतरी सांगायचंय. महिना होऊन गेला, तेच चाललंय त्याचं. मी म्हटलं, लिही की! तर म्हणतो, नाही आई, हे लिहून नाही सांगणार, हे मी तुला समोरासमोर, माझ्या भाषेत सांगणार. माझ्या भाषेत म्हणे! तेव्हापासून काळजाला घोर लागलाय माझ्या. आजारी आहे का? नोकरी गेली का? आणखी लांब चाललाय का कुठे? ह्यांना सांगितलं असतं त्याने, आणि ह्यांनी मला निम्मंच सांगितलं असतं, त्यातलं वाईट ते गाळून. आता गाळायलाही कुणी नाही. आणि समजा त्याने सांगितलं, सगळं सांगितलं, आणि मी आपली मान हलवत बसले, आणि ते काहीतरी — मान हलवण्यासारखं नसेलच तर?

झालं? एवढ्यात? बघू. हो, सरकलंय खरं बटण. पट्टे तर नाही ना यायचे परत? नवीन ड्रायव्हर टाकलात, बरं बरं, तुम्हाला माहीत. मग द्या, बांधून द्या, घरी जाऊन बघते. इथे? इथे नको हो, गिऱ्हाईकं येतात तुमची. आणि आज सुट्टी आहे, तो झोपला असेल — अहो, लिंक कशाला दाबलीत! नुसतं तपासायला म्हणून काय झालं, त्याच्याकडे वाजत नाही पण दिवा लागतो, भिंतीवरचा दिवा लुकलुकतो — बंद करा ते, बंद करा आधी —

अगं बाई! आला.

किती स्वच्छ दिसतोय. अहो, हे बघा तरी! त्याच्या कानाजवळ पांढरे केस आलेत. कधी आले? आणि शर्टाचं वरचं बटण नाहीये, माझं मेलं लक्षच नाही — म्हणजे दिसतच नव्हतं. बाळा, मी दुकानात आहे. दु-का-नात. हो, झालं नीट. बघा, लगेच कळलं त्याला. हसला. आणि पंखा, तुमचा आतला पंखा अगदी गप्प आहे की हो. हात कसे चाललेत बघा त्याचे, एकदासुद्धा अडकले नाहीत. एवढे भरभर चालतात? नेहमीच एवढे भरभर चालतात? मी... हो बाळा. हो. हं. हो.

ती कोण? दादा, ही कुणीतरी आत आली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहे. निळा कुर्ता, चष्मा... चांगली आहे हो मुलगी. त्याने तिचा हात धरला बघा. अस्सं! हे होतं होय! मेल्या, यासाठी महिनाभर माझा जीव टांगून ठेवलास! कळलं रे बाळा, हे कळलं मला, आंधळ्यालाही कळेल! ये गं, बस, अशी समोर बस. तीही — तीही हातांनीच बोलते, दादा. तिलाही ऐकू येत नसणार. आता ती मला काहीतरी विचारतेय. माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग हे असं छातीजवळ काहीतरी, आणि भुवया वर. विचारतेच आहे. आणि आता थांबलीये. दोघंही थांबलेत. माझ्याकडे बघतायत.

...

हलू नका. दादा, तुम्हालाच सांगतेय, मागे दिसताय तुम्ही त्याला. ओठ न हलवता बोलतेय मी, तो ओठ वाचतो. काही झालेलं नाही, तुमचं काम चोख आहे. मी नुसती अशीच बसलेय, हात वर तो वर. त्याला वाटू दे, इकडचं चित्र अडकलं. थोडा वेळ. मग तो बंद करेल आणि लिहील, आई, अडकलं परत. मग मी विचारते लिहून, काय म्हणत होती रे ती. डोळेसुद्धा मिटत नाहीये मी, बघा. तुम्हीही नका हलू. श्वास घ्या, पण — अहो, वाकू नका! काय बघताय वाकून, बिघडलेलं नाहीये ते! दिसलात ना त्याला! अगदी माझ्या मागून सरळ वाकलात की हो तुम्ही. बघा, तुमच्याकडे बघतोय. आता माझ्याकडे.

कळलं त्याला.

चिडला नाही हो. चिडायला हवं होतं. तिच्याकडे वळला आणि हात असे एकमेकांवर पुसल्यासारखे केले — ती मी. बापलेकांनी ठेवलेलं माझं नाव आहे ते, मी सारखी हात पुसत बाहेर यायची म्हणून. आणि मग कपाळाला बोट लावलं, आणि पंजा असा उलटा केला, रिकामा. आईला कळत नाही. तिला समजावून सांगतोय तो, दादा, किती हळू, माझी बाजू घेऊन सांगतोय. आईला आपली भाषा कळत नाही. एवढ्या वर्षांत त्याचं पहिलं अख्खं वाक्य मला कळलं, ते हे.

नको, बंद करू नका! कुणी सांगितलं बंद करायला? तो अजून आहे तिथे, तीही आहे. ती काहीतरी परत विचारतेय, तेच मघाचं, हळूहळू. रडत नाहीये मी. तुम्ही जा जरा बाहेर. हो, माहीत आहे, दुकान तुमचंच आहे, म्हणून तर सांगतेय, दार ओढून घ्या आणि कुणाला आत सोडू नका. आणि ही पर्स धरा. मला दोन्ही हात लागणार आहेत. जा म्हटलं ना.