लाईट गेली तेव्हा मीच पुढे होतो

रविवार, दुपारचे चार. अंकुशनगरात फिटर भास्करच्या ओट्यावर आमच्या दोघांच्या, विजेवर चालणाऱ्या हातभर खेळण्यातल्या गाड्यांची शर्यत होती. प्लायवूडच्या खाचेतून गाडी धावायची. ज्याचं त्यानं बटन दाबून धरलं तरच. हरणाऱ्यानं गाडी देऊन टाकायची. वळणावर उडू नये म्हणून मी माझ्या गाडीत छापखान्यातलं शिसं भरलं होतं. शेवटच्या फेरीत मी पुढे, आणि लाईट गेली.

"चहा घेऊ मंग. गाड्यांना हात लावायचा न्हाई," भास्कर म्हणाला.

आम्ही आत चहा पीत असतानाच लाईट आली. बाहेर घरघर ऐकून धावलो. भास्करची गाडी एकटीच रेघ ओलांडून गेली होती. त्याच्या बटनावर भरलेला तांब्या!

"ही सरळ लबाडी आहे!"

"गाडीला कुनी हात लावला का? बराबर जिंकलो, पत्रकारसाहेब."

माझी गाडी तो आजही लेकरासारखी पुसतो. तांब्या कोणी ठेवला, हे त्या घरातल्या एकानंही अजून सांगितलेलं नाही.