खड्ड्यावर माती लोटणारीचं नाव

२०१४च्या वसंतात मोरोक्कोतल्या बुआर्फा गावच्या दवाखान्यात माझ्या बाकावर यामना आत्या आणि तिची भाची इकराम बसल्या होत्या. तरफास, म्हणजे माळावरची जमिनीखालची अळंबी, कशी काढायची हे आत्या सांगत होती. इकराम ते जगाला खुल्या असलेल्या संगणकीय संग्रहासाठी टिपत होती.

“तरफास काढलं की खड्डा त्याच मातीनं बुजव. उघडा टाकलास तर पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही.”

“लिहिलं, आत्या.”

“आणि खाली काय खरडलंस?”

“माहिती कुणी दिली ते. ‘स्थानिक स्त्री’.”

“माझ्या शेळ्यांनासुद्धा नावं आहेत, पोरी!”

“बरं बाई, यामना लिहिते.”

“माझं नको. मला आईनं शिकवलं. मसऊदा लिही, आलियाची लेक.”

“आजीला तर अक्षरही येत नव्हतं.”

“म्हणून तर तुला शाळेत घातलं. लिही.”

इकरामनं लिहिलं.

तीन वर्षांनी आत्या गेली. इकराम आता वजदा शहरात शिकवते. त्या संग्रहात पुढे आमच्याकडच्या कितीतरी बायकांनी आपापल्या आयांची नावं घालून घेतली. दगडफुलाच्या काढ्याची नोंद मी दिली आहे. तिच्याखाली माझी आई आहे: तामू, रहमाची लेक.