पैलवानाचा कानाचा पुरावा

आमच्या शिवाजी पेठेत एक थोर शास्त्रज्ञ राहतोय, म्हाईत न्हाई तुम्हाला? दिलीप पैलवान! परवा त्याच्या दारात चहा पीत बसलोतो, तर म्हणतो, "तो सिनेमातला हिरो हाय न्हवं, तो खरा न्हाईच. खऱ्याला कवाच गायब केलंय. हा डुप्लिकेट!"

"कशावरनं?"

त्यानं मोबाईलवर हिरोचा जुना आणि नवा फोटो शेजारी-शेजारी लावला. "कान बघ की. माणूस सगळा बदलंल, कान बदलत न्हाईत. सायन्स हाय!"

आता हे सांगणाऱ्याचे स्वतःचे कान तालमीत कुस्ती खेळून खेळून पार मोडलेत, कांदाभजीगत दिसतात. पण पैलवानाला कोण सांगणार?

गोठ्यात म्हशी धारेसाठी वरडायला लागल्या, तरी ह्याचं संशोधन चालूच. शेवटी त्याची आई उठली आणि आतनं त्याचा शाळेतला फोटो घेऊन आली. फोटोत कान एकदम सरळ. म्हातारीनं एकदा फोटो बघितला, एकदा लेकाकडं बघितलं.

"काय वो पावणं," ती लेकालाच म्हणाली, "माझं खरं पोरगं कुठं ठेवलंय? ते कुणी न सांगताच धार काढायचं!"