कुनाच्या हातचं

माझं माहेर निघोज्याच्या अलीकडच्या वाडीत आनि सासर निघोज्यातच, एका हाकेच्या अंतरावर म्हना की, त्यामुळं दुनिया म्हनून काय असती ती म्या बघितलीच न्हाई. शाळेत तर घातलंच न्हाई मला, थोरली पोरगी शाळेत गेली तर म्हशी कोन बघनार असं आमचे दादा, म्हंजे वडील, म्हनायचे, भावाची इसरलेली पाटी द्यायला जायची तेवढीच शाळा मला ठावं, ती बी दारातनं. आत ये, बस, असं कुनी म्हनलं न्हाई. मग लगीन झालं, मग कंपन्या आल्या, जिथं आमचा भुईमूग व्हायचा तिथं आता कंपाउंड हाय, आनि आमचे मालक त्याच कंपाउंडच्या गेटावर वॉचमन राहिले ते जाईस्तोवर. ते गेले आनि मला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. काय सांगू ताई तुमाला, ह्ये बी लिवून घ्या, पयल्या दिवशी मी आत गेले आनि वर्गात जाऊन उगं बाकावर टेकून बसले, कुनी नव्हतं म्हनून.

माझ्याबरुबर शोभा असती. ती बौद्धवाड्यातली, माझ्यापरीस लहान, मावशी म्हनती मला. तिचं तोंड लई वाईट हाय, मी मीठ जादा टाकलं की सगळ्या गावाला ऐकू जाईल असं वरडती, पर माझा हात भाजला हुता तवा महिनाभर मोठं पातेलं तिनं एकटीनं उचललं आनि शाळेच्या साह्यबाला कळू दिलं न्हाई, न्हाईतर माझ्या जागी दुसरी आली असती. आता माझं काम म्हना, तिचं काम म्हना, एकच हाय. डाळ ती धुती, फोडनी मी देते.

आता दत्तूचं सांगते. दत्तू माझा एकुलता ल्योक, चाकनला प्रेस मशीनवर हाय, कंत्राटावर. मधी दारू लागली हुती त्याला. शिफ्ट सुटली की तसाच जायचा, सून दारात वाट बघत बसायची, लेकरू रडायचं. मग कंपनीतल्याच कुना दोस्तानं त्याला मंडळात नेलं, महाराजांच्या, त्यानं माळ घातली आनि दारू सुटली. सुटली, ते मी नाकारत न्हाई, त्या मानसानं माझ्या ल्येकाला बाटलीतनं वर काढला. मी काय देवाच्या विरुद हाय व्हय? खंडोबा हाय घरात, सोमवार धरते, समदं करते. पर दारूच्या जागी ह्यांनी जे त्याच्या डोक्यात भरलं ना, त्याची धुंदी उतरतच न्हाई.

नात माझी ओवी, आमच्याच शाळेत तिसरीला हुती. पोरगी लई चळवळी. रस्त्यानं जाताना कंपन्यांचे बोर्ड मोठ्यानं वाचायची, टेम्पोच्या मागचं बी वाचायची, मला इचारायची, आजी सांग ह्ये काय लिवलंय, आनि मला येत न्हाई म्हनून खुश व्हायची. मधल्या सुट्टीत ताट घेऊन मुद्दाम शोभापुढं उभी राहायची, शोभाआजी, बुडाची खरवड दे. मला न्हाई मागायची, शोभाला मागायची, ती जादा देती म्हनून.

तर शाळेत अशी रीत हाय की पोरांना वाढायच्या आदी एका मोठ्या मानसानं खिचडीची चव घ्यायची. कंदी मास्तर, कंदी कुनाची आई, पाळी लावलेली असती. तशी आमच्या सूनबाईची पाळी आली. आली ती, पदर खोचून सैपाकघराच्या दारात उभी राहिली, आत पाऊल न्हाई. शोभानं ताटलीत काढून पुढं केली. तर म्हनती, आज माझा उपास हाय. बरं, असंल. मास्तर म्हनले उद्या या. उद्या बी उपास. परवा बी उपास. शोभा पदराआड हसली, म्हनली मावशी, तुझी सून वाळून जाईल की गं. पर मी तिच्याकडं बघितलं तर डोळं हसत नव्हतं तिचं. तिला माझ्या आदी कळलं हुतं.

घरी आल्यावर सून इचारती, आत्याबाई, ती शोभा भांड्याला बी हात लावती का? म्या म्हनलं, मग काय हात न लावता खिचडी शिजती व्हय गं? आनि तू कवापास्नं इचारायला लागलीस? तर दत्तू आतनं म्हनतो, आई, मंडळात नियम हाय, पंगतीचं चालत न्हाई, कुनाच्या बी हातचं चालत न्हाई. कुनाच्या बी म्हंजे कुनाच्या, नाव घे की, म्हनलं. ह्या लोकांचं तसंच असतं, नाव घेत न्हाईत, नियम म्हनत्यात.

त्याच आठवड्यात पोरीचं नाव काढलं शाळेतनं. रावेतला खोली घेतली आनि तिथंच एका बिल्डिंगीत मंडळाचं गुरुकुल हाय, त्यात घातली. गुरुकुल म्हनल्यावर मला वाटलं झाडंबिडं असतील. कसलं काय, फ्लॅटचा हॉल. सतरंजीवर पोरं रांगेनं बसलेली आनि सगळी एका सुरात पाठांतर करत्यात. फळा न्हाई, गनित न्हाई. दहावीला बाहेरून बसवू म्हनत्यात, तवर काय करायचं पोरीनं, माळा वळायच्या? मी गेले हुते बघायला. तिथल्या गुरुजींना इचारलं, सरकारी शाळेत काय वाईट हुतं हो? तो गोड हसला. म्हनला, आजी, शिक्षणाचं नाही, संगतीचं आहे. तिथं कोण कोण येतं हे तुम्हाला माहीत आहेच. म्या म्हनलं, माहीत हाय की, माझी नात येत हुती. त्याचं हसनं गेलं. दत्तूनं माझा दंड धरून मला जिन्यापर्यंत आनलं, सोताच्या आईला, चोराला आनत्यात तसं.

मग एक दिवस आला घरी, एकटाच, पेढे घेऊन. म्हनला, आई, तू ते काम सोड, माळ घाल, मग ओवी सुट्टीला तुझ्याकडं राहील, गुरुजींनी हो म्हनलंय. बघा म्हंजे. माझी नात माझ्याकडं राहायची का न्हाई ते तो गुरुजी ठरवनार, आनि त्याला मोल म्हनून शोभाच्या शेजारनं उठायचं. म्या पेढ्याचा पुडा त्याच्या गाडीला अडकवून दिला. जा म्हनलं.

शोभाला सांगितलं तर ती काय म्हनावी, सोड मावशी, नातीसाठी सोड, मला राग न्हाई यायचा. लई चिडले मी तिच्यावर. तुला राग कसा येत न्हाई म्हनलं, तुला यायला पायजे, मला एकटीलाच किती येनार? ती डाळ धुवत राहिली. म्हनली, मावशी, मी रागवायला बसले तर ही डाळ कोन शिजवील.

न्हाई सोडलं म्या काम. तवापास्नं ओवी कवातरी रविवारी येती, दोन तासांसाठी, आनि बरुबर डबा असतो, घरचा. माझ्या घरातलं पानी बी प्यायचं न्हाई, बाटली दिलेली असती. मी चुलीपुढं, पोरगी उंबऱ्यात, मांडीवर डबा. मी बघत बसते. म्हातारीचं काळीज दगडाचं असतं असं वाटतं का त्यास्नी?

मागल्या रविवारी तो डबा सूनबाई गाडीच्या पिशवीतच इसरली आनि ती नि दत्तू दोघं चाकनला निघून गेली. पोरीला भूक लागली. सांगंना, पर तव्यावरनं डोळा हलंना तिचा. म्या भाकरी आनि पिठलं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं आनि पाठ फिरवून बसले. तिनं उठून दार लावलं, सोताच्या हातानं, कडी घातली. मग खाल्लं, पार ताट निपटून. आनि माझ्याजवळ येऊन कानात इचारती, आजी, मी आता घान झाले का?

ताई, आठ वर्साची पोरगी हाय ती. म्या तिला पोटाशी धरली, म्हनलं न्हाई गं माझे बाई, तू सोन्याची हायेस, आजीच्या हातचं खाल्लं की कुनी घान व्हत न्हाई. तर हसली न्हाई, तोंड धुवायला गेली, घासघासून धुतलं, वास यायला नको म्हनून. देव तिला सुखी ठेवो, शिकू दे, कुठं का व्हईना शिकू दे. आनि ज्यानं तिला तसं तोंड धुवायला शिकवलं त्याला... न्हाई, तेवढं लिवू नका. लिवा. लिवाच.