शिव्यांच्या शेवया

—अगं मग कर ना तक्रार, मी कुठे नको म्हणते? तुझं बरोबरच आहे. सायगावहून विमानाने हनोईला यायचं, सकाळी उठून तळं बघायचं, विद्येचं मंदिर बघायचं, पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ बघायचा, आणि मग शिव्या खायला म्हणून मुद्दाम या गल्लीत यायचं—आणि मी तुला काय म्हटलं? 'बस बाळा, गरम आहे, सावकाश खा.' कुणाचंही डोकं फिरेल. तुझी आई अठ्ठ्याण्णव साली इथं येऊन गेली म्हणतेस, अजून सगळ्यांना सांगते—काय म्हटलं होतं मी तिला? 'पाय आवर, रस्ता तुझ्या बापाचा आहे का?'—हं. माझंच वाक्य. ओळखलं मी. बरं वाटलं गं ऐकून, जुनं माणूस भेटल्यासारखं. वय काय तुझं? वय कळल्याशिवाय हाक कशी मारू?—सत्तावीस. म्हणजे नात म्हणायला थोराड आणि मुलगी म्हणायला लहान. पोरी म्हणते. खा तू, पोरी. शेवयांवरचा डुकराच्या पायाचा रस्सा गार झाला की बसतो घशाला—बघ, पुन्हा गोड बोलले. जीभच वळत नाही.

दोन महिने झाले असंच चाललंय. परवा एक गोरा आला, हा एवढा उंच, त्या ठेंगण्या स्टुलावर गुडघे कानाला लावून बसला आणि वाट बघत राहिला. मी वाडगा दिला, लिंबू दिलं, हसले. तर तो दुभाष्याला म्हणतो, ही ती बाई नव्हे, खरीला बोलवा. मी म्हटलं, अरे बाबा, मीच ती तुयेत, छत्तीस वर्षं याच पातेल्यामागे बसलेय. तर म्हणतो, ती इतकं नीट बोलत नाही. आता कुणाला शपथ घालू? समोरच्या कोपऱ्यावरच्या बाईनं माझं बघून शिव्या सुरू केल्यात, पण तिच्या पाठांतराच्या. वही ठेवलीय तिनं पातेल्याशेजारी, मधेच विसरते, पान उलटते, मग पुढची शिवी देते. गिऱ्हाईक तोपर्यंत घास हातात धरून थांबतं बिचारं. आणि माझ्या मुलीनं, दिएपनं, तर कहर केलाय—तो फलक बघितलास ना, माझ्या डोक्यावरचा? माझीच सगळी वाक्यं, आकडे घालून, चार भाषांत. लोक बोट दाखवतात. 'आम्हाला सात नंबर, आणि पोराला तीन नंबर, पण जरा कमी तिखट.' आता सांग, कमी तिखट शिवी कशी द्यायची?

आणि त्याच्या शेजारचं ते चौकटीतलं? 'सुसंस्कृत कुटुंब.' वॉर्डाच्या ऑफिसनं दिलंय. हसू नकोस. याच ऑफिसनं पूर्वी खांबावरच्या भोंग्यातून गल्लीभर माझं नाव घेतलं होतं, भाषा सुधारा म्हणून. आणि आता तिथलाच माणूस चहाचा पुडा घेऊन आला—आजी, तुम्ही नकाशावर आहात, बाहुल्या आणि मंदिर यांच्या बरोबर मधे, कृपा करा आणि शिव्या बंद करू नका; फक्त कुणाचे पूर्वज काढू नका, हयात माणसांवर काय ते भागवा.

भागवते रे बाबा, पण येऊ तर दे! आज अकराला तीसजणांचा घोळका येतोय, छत्रीवाली बाई घेऊन येते तो. दिएप म्हणते, आई, आज तुला जमलं तर जमलं, नाहीतर उद्यापासून पातेल्यामागे दुसरी बाई. बघितलीही तिनं—ती बघ, नळाशेजारी बसलीय, भुवया कोरलेली. गावरान नाटकमंडळीत कजाग सासूचं काम करायची. परवा तिला बसवून बघितलं. तालात शिव्या देते गं. हात करते, मान वेळावते, लोक खायचंच विसरले. दिएप म्हणाली, बघ, याला म्हणतात शिव्या. आणि मी? मी घरी बसायचं. अडुसष्टाव्या वर्षी दुपारी टीव्ही बघायचा. या पातेल्यामागून मला उठवलं ना, पोरी, तर मी टिकायची नाही फार. खरं सांगते.

शिव्या का येत नाहीत म्हणून काय विचारतेस? त्याला विचार. तो—गल्लीपलीकडे, नळापाशी उकिडवा बसलाय, वाडगे धुतोय. खुए. आमचा म्हातारा. तुला सांगू नये खरं तर, पण तुझ्या आईचा विषय आहे—तिला म्हणावं, त्या शिव्या तिच्या नव्हत्याच. कुणाच्याच नव्हत्या. मी ओरडायची ते त्याला. तो तिकडे, मी इकडे, गिऱ्हाइकं मधे. 'हात चालव.' 'तुझ्यासाठी किती थांबू?' 'जेवायला आणि मरायला सारखाच वेळ लागतो तुला.' मधल्या लोकांना वाटायचं आपल्यालाच, आणि ते भराभर खाऊन उठायचे. मग ती प्रसिद्धीच झाली. मीही म्हटलं, असू दे.

आणि तो? त्याला ऐकूच यायचं नाही. बहात्तर साली पुलाजवळ विमानांवर तोफ चालवायचा. डावा कान तेव्हाच कायमचा गेला, उजवा अर्धामुर्धा. मान खाली घालून वाडगे धुणार, मी ओरडणार. चाळीस वर्षं संसार केला आम्ही असा. आणि कारणं काय कमी होती? माझी सायकल विकली त्यानं. आणि आणलं काय? गाणारा पक्षी. बहिऱ्या माणसानं! चोच हलताना छान दिसतो म्हणाला. हा पिंजऱ्यातला पाचवा आहे.

तर या तेतच्या सणाला नव्या वर्षाची भेट म्हणून दिएपनं बापाला कानाची यंत्रं आणली. दोन. डाव्या कानात काही उपयोग नाही हे डॉक्टरनं सांगितलं होतं, पण जोडीनंच मिळतात, आणि याला दोन्हीकडे घातली की ऐटबाज वाटतं. निळा ठिपका डाव्याचा, लाल उजव्याचा—रोज सकाळी मला विचारतो, कुठलं कुठल्या कानात. पहिल्या दिवशी तो पक्ष्यासमोर तासभर बसला आणि म्हणाला, हा बेसूर गातो. मग इथं आला. आणि मी नेहमीसारखी—सवयीनं गं, रागानं सुद्धा नाही—ओरडले, 'अरे ए, तुझ्याशी लग्न केलं आणि जन्म फुकट गेला माझा.' लोक खूश. आणि त्यानं हातातला वाडगा खाली ठेवला. उठून आला, इथं माझ्यासमोर. म्हणाला, 'मला वाटायचं तू गिऱ्हाइकांना बोलतेस. मी मनात त्यांची कीव करायचो.'

बस, एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं. उलट त्या दिवसापासून रश्शावरचा पाला तीनदा धुतो, वाडगे आरशासारखे, हाक मारायच्या आधी उभा. शिवी द्यायला जागाच ठेवत नाही मेला. आणि मी तोंड उघडलं की तिकडे त्याची मान वर होते. कसं बोलू सांग मला? तू म्हणशील, मग चांगलं बोल. अगं, चांगलं बोलायचं तर हळू बोलावं लागतं, आणि हळू बोललेलं त्याला चाळीस वर्षं ऐकू यायचं नाही. म्हणून राहिलंच ते. आणि आता ऐकू येतंय, तर मला लाज वाटते. या वयात कुठून सुरुवात करायची?

किती वाजले?—आले वाटतं. ती बघ छत्री. मागे पिवळ्या टोप्या, मोजता मोजता संपत नाहीत. दिएप बघतेय माझ्याकडे. ती नाटकवाली घसा खाकरतेय, मेली. पोरी, काहीच नाही तोंडात, एक नंबरसुद्धा आठवत नाही—आणि हा का उठला आता? इकडे कशाला येतोय ओल्या हातांनी? अरे, काय झालं? हे काय ठेवतोस लिंबांच्या बशीत?

बघितलंस? कामाचं ते यंत्र काढून ठेवलं. परत चालला नळाकडे. पोरी, झोपताना सुद्धा काढत नाही तो ते; उशीवर चूंचूं वाजतं रात्रभर. आणि आज माझ्यासाठी काढलं. माझं पातेलं जाऊ नये म्हणून. बसला बघ. मान खाली. झाला पूर्वीसारखा.

सरक थोडी. नाही, इकडे नको—मधेच बस, तुझी आई बसली होती तिथं.

अरे ए खुए! ए म्हाताऱ्या! कान गेले का तुझे? गेलेच आहेत, ठाऊक आहे मला! चाळीस वर्षं घसा फोडतेय तुझ्या नावानं, कधी दुसऱ्या कुणाच्या नावानं फोडला का? ती सायकल मला नकोच होती, चढता येत नव्हतं मला तिच्यावर, खोटं बोलले मी! चार पक्षी मेले तुझे, चारही वेळा मी मागच्या दारी रडले, तुला दाखवलं नाही! दुसऱ्या कुणी वाडगे धुतले तर मला रस्सा वाढवत नाही, कळलं? आणि माझ्या आधी मरायचं नाव काढलंस तर याद राख, पिंजरा उघडा टाकेन आणि या पातेल्यात पाणी ओतून तुझ्या मागे येईन, नालायका!

—ऐक टाळ्या. फोटो काढतायत. त्या छत्रीवालीनं काय सांगितलं असेल त्यांना देव जाणे, सात नंबर म्हणाली बहुतेक. दिएप तर स्टुलावर चढून टाळ्या वाजवतेय, आणि नाटकवाली चालली, गेली बघ पिशवी उचलून. हुश्श. जमलं गं. तेवढ्या लोकांत कळलं असेल तर तुला एकटीला. आणि रडतेस कशाला? रस्सा खारट होईल. आईला सांगू नकोस हे सगळं.

पण हा—याचे खांदे का हलतायत? नळ वाहतोय, वाडगा हातात तसाच, आणि मान काही वर करत नाही. पोरी, ती लिंबांची बशी दे इकडे. माझा चष्मा घरी राहिला. ठिपका कसला आहे बघ त्याच्यावर?

नीट बघ.

निळा? डाव्या कानाचा?

…बघत काय बसायचं मग? ऊठ! स्टूल मोकळं कर, माणसं उभी आहेत. पाय आवर, रस्ता तुझ्या बापाचा आहे का? जा—आईला सांग, तुलाही पडल्या म्हणून.