गाळणी पाचव्या मजल्यावर आहे

— नाही, नाही, त्या खुर्चीवर नको, साहेब, तिचा एक पाय नुसता शोभेला आहे. इकडे बसा, मशीनसमोर. सगळे पाहुणे इथेच बसतात, फोटोत मागची पाटी छान येते. तर काय विचारत होतात — हं, मशीन कधीपासून बंद आहे. आता बंद कसं म्हणू मी? बंद पडायला आधी चालू व्हावं लागतं. तुमच्या सरकारनं हे पाणी शुद्ध करायचं मशीन आम्हाला भेट दिलं त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत त्याची उद्घाटनं झाली चार. पहिलं तुमच्या राजदूतांनी केलं. दुसरं तुमचे मंत्री आले तेव्हा — राजदूतांनी कापलेली फीत मंत्र्यांच्या खात्यात धरत नाहीत म्हणे. मग तुमच्याकडे निवडणूक झाली, सरकार बदललं, नव्या मंत्र्यांना पाटीवर जुन्यांचं नाव बघवेना, म्हणून तिसरं. चौथं कशाचं होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण फीत होती, कात्री होती, टाळ्या होत्या, आणि मी होतो. मी काय करायचो? आदल्या दिवशी वरची टाकी भरून ठेवायचो. पाहुण्यांनी बटण दाबलं की मागं उभा राहून हळूच नळ सोडायचो. बटणाला वायरसुद्धा जोडलेली नाही, दाबून बघा. या पाटीच्या कडेनं भिंतीला भोकं दिसतात ना, स्क्रूची? या पाटीची धरून सोळा आहेत. दर पाटीचं माप वेगळं. मशीनला आजवर पाना लागला नाही, भिंतीला मात्र चारदा ड्रिल लागलं.

कारण? कारण अगदी साधं आहे, गाळणी नाही. तुमच्या कागदावर तिचं नाव दीड ओळीचं आहे, आम्ही आपलं गाळणी म्हणतो — हे एवढं पांढरं नळकांडं, मशीनच्या पोटात बसतं, त्यातून पाणी गेलं की शुद्ध. ती मशीनबरोबर आलीच नाही. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, गाळणी पाठवता येत नाही, कारण तुमच्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यानं इकडं काय काय पाठवू नये त्याची यादी केलीय आणि गाळणी त्या यादीत आहे. तिच्यापासून म्हणे हत्यार बनवता येतं. मी रात्रंदिवस विचार केला, साहेब, पण गाळणीनं माणूस कसा मारायचा ते काही मला सुचलं नाही. गाळणी नसताना कसा मरतो ते मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आणि गंमत ऐका — ज्यांनी मशीन दिलं ते खातं आणि ज्यांनी गाळणी अडवली ते खातं एकाच इमारतीत आहेत. एक तिसऱ्या मजल्यावर, एक पाचव्या. तुम्ही कितव्या मजल्याचे? तिसऱ्या? वाटलंच, पाचव्या मजल्याचा माणूस इतकं नम्र बोलत नाही. दैव देतं आणि कर्म नेतं असं आम्ही म्हणतो — आमच्यासाठी तुमचा तिसरा मजला दैव आणि पाचवा कर्म. दोन वर्षांत कोणाला दोन जिने चढवले नाहीत बघा. लिफ्ट नाही का तिथे?

तसं पत्रांचं उत्तर मात्र वेळेवर देता तुम्ही, ते मी नाकारणार नाही. चिंता व्यक्त करता. आधी नुसती चिंता असते, मग गंभीर चिंता, आणि अगदीच माणसं मेली तर तीव्र चिंता. मी फायली लावून ठेवल्यात तशा. आमच्याकडे चिंतेचा तुटवडा कधी पडला नाही, तिला गाळणी लागत नाही. मागच्या वर्षी पुलाजवळ तोफगोळा पडला, त्याचं कवच मी उचलून आणलं होतं, कोपऱ्यात ठेवलंय बघा, खिळे ठेवायला बरं पडतं. त्याच्यावरची अक्षरं वाचा आणि या पाटीवरची वाचा. वळण एकच. म्हणजे अक्षर काढणारा माणूस चांगला आहे तुमच्याकडे. तो गोळा आमच्यावर टाकणाऱ्यांनाही तुम्हीच दिला आणि आमच्यातल्या टाकणाऱ्यांनाही, कोणाला नाराज करायचं नाही हे मुत्सद्दीपणाचं पहिलं सूत्र असेल. माझं काही म्हणणं नाही. मी पंप चालवणारा माणूस.

तर फॉर्म काढा. दोन वर्षं मी या फॉर्मची वाट बघतोय, खरं सांगतो. त्यात दोनच चौकोन आहेत ना, चालू आणि बंद? तुम्ही 'बंद'वर खूण करा. त्या एका खुणेनं चौकशी लागेल, आणि चौकशी लागली की पाचव्या मजल्याला गाळणी सोडावीच लागेल, हे मला तुमच्याच एका माणसानं सांगितलंय. करा खूण. थांबलात का? — लोक काय पितात? म्हणजे, गेली दोन वर्षं? पितात हो काहीतरी. नदीचं उकळून पितात. नदी म्हणजे तुम्ही येताना पाहिलीतच, वरच्या अंगाला लष्कराची छावणी आहे आणि छावणीचं सगळं तिच्यात उतरतं. मशीन आलं ते त्याच्यामुळंच. त्या उन्हाळ्यात इस्पितळात एका खाटेवर तीन-तीन पोरं आडवी होती, जुलाबानं वाळून गेलेली, माझी नात त्यात होती. वाचली ती. शेजारची दोन नाही वाचली. असो, लिहा तुम्ही. आता तसं का होत नाही? होत नाही खरं. उकळतात ना.

तुम्ही पाणी घेतलं नाहीत. ठेवलंय मघापासून ग्लासात. हो, बाटली आणलीत, दिसतेय, पाण्याची तपासणी करायला येताना माणसानं स्वतःचं पाणी आणावंच, शहाणपणाच आहे तो. पण ग्लासाकडे असं बघू नका हो. मी काय पाहुण्याला नदीचं पाणी देईन? बत्तीस वर्षं या गावाला पाणी पाजतोय मी, माझ्या पाण्याला कोणी नाक मुरडलेलं नाही. एक घोट घ्या. घ्या हो. — कसं आहे? गोड आहे ना? थंड आहे ना? बाटलीतलं असं लागेल का? डोंगराच्या पोटातलं आहे ते, साहेब, असा झरा शंभर कोसांत नाही...

झरा — म्हणजे होता. जुनी गोष्ट सांगतोय. हा समोरचा डोंगर दिसतो ना, त्याच्या अंगावर आहे. तिथून या टाकीपर्यंत पाइप आहे, माझ्या वडिलांच्या वेळचा, अजून ठणठणीत. मग लढाई झाली, तह झाला, तुमच्या लोकांनी कुठल्याशा परक्या शहरात, चांगल्या हॉटेलात बसून नकाशावर रेघ ओढली, आणि झरा गेला तिकडे नि टाकी राहिली इकडे. रेघ सरळ आहे, त्याबद्दल वाद नाही. आता त्या बाजूच्या माणसाशी बोलणं इकडे गुन्हा, या बाजूच्या माणसाशी बोलणं तिकडे गुन्हा. पण झऱ्याजवळच्या खोलीला आणि तिथल्या गावाला वीज जाते ती माझ्या या खोलीतून, आणि तिथला व्हॉल्व्ह उघडणारे होते दाजी, माझ्या ताईचे यजमान. ताई लग्न होऊन गेली तेव्हा मध्ये रेघ नव्हती, नुसता उतार होता. ती पोरं गेली त्या उन्हाळ्यानंतर मग काय — मी इकडून वीज सोडायचो, दाजी तिकडून पाणी सोडायचे. करार नाही, सह्या नाहीत, हॉटेल नाही. कोणाला कळलं नाही, आणि कोणी मेलं नाही.

आणि मग मी माती खाल्ली. तुमच्या आधी एक बाई यायच्या इथे, तुमच्याच मजल्यावरच्या. फार चांगली बाई, माझ्या नातीसाठी औषध आणलं होतं तिनं. तिनं असंच विचारलं, लोक पितात काय, आणि मी सांगून बसलो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं ताई म्हणते ते खोटं नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, हे जगाला कळलं पाहिजे. दाजींचा फोटो मीच दिला, साहेब. व्हॉल्व्हवर हात ठेवून हसतायत असा. तुमच्या खात्याचं ते गुळगुळीत कागदाचं मासिक निघतं ना, त्यात आला, वर मोठ्या अक्षरांत, दोन वैरी बाजूंमधला विश्वासाचा पूल. बारा दिवसांनी तिकडच्या लोकांनी दाजींना घरातून उचललं. चौदा महिने झाले. कुठे आहेत, आहेत की नाहीत, कोणी सांगत नाही. बाईंना बढती मिळाली. त्यांनी पत्र पाठवलं मला, तीव्र दुःख झालं म्हणून. खोटं नसेल ते. मलाही झालं, पण मला ते पत्रात लिहून पाठवायला कोणी नव्हतं, जिला सांगायचं तिच्याच नवऱ्याला मी घालवला होता.

तर ते तेव्हाच संपलं. त्यानंतर व्हॉल्व्ह कोणी उघडत नाही. — ग्लासाकडे काय बघताय? ते... ते साठवलेलं आहे. चौदा महिन्यांपूर्वीचं, हो. थंड? अंधारात ठेवतो मी. साहेब, तुम्ही वयानं लहान आहात पण मूर्ख नाही, आणि मला खोटं बोलायची सवय नाही, फक्त टाळ्या वाजेपर्यंत नळ सोडायची आहे. बघा, मी तरी काय करू? मी तिला किती वेळा निरोप दिला, ताई, नको आता, पुरे झालं. एकोणसाठ वर्षांची बाई, डाव्या गुडघ्यात वाटी राहिलेली नाही, आणि रोज लाकडं आणायच्या निमित्तानं तो चढ चढते. ती म्हणाली, त्यांना नेलं ते पाणी सोडलं म्हणून, आता मी पाणी बंद केलं तर त्यांना नेलं कशासाठी? मला एका शब्दानं बोल लावला नाही तिनं. लावला असता तर बरं झालं असतं.

अरे देवा. साहेब, तुमच्या डोळ्यांत तेच आलंय. बाईंच्या डोळ्यांत आलं होतं ना, अगदी तेच. नका हो. मला माहीत आहे तुम्ही भले आहात, भल्या माणसांचीच मला धास्ती वाटते आता, पाचव्या मजल्यानं निदान माझ्या घरातलं माणूस नेलं नाही. काय? नाव लिहिणार नाही म्हणता? बाईंनी तरी कुठे लिहिलं होतं. 'एक स्थानिक कर्मचारी' असंच होतं फोटोखाली. त्या डोंगरावर व्हॉल्व्ह एकच आहे, साहेब. फोटो टाकणार नाही म्हणता, ठीक, आणि अहवालात काय लिहाल? मशीन बंद आहे. मग तुमचा वरचा साहेब विचारेल, मशीन बंद, नदी घाण, आणि गावात दोन वर्षं एक पोर आजारी नाही, मग हे लोक पितात काय? तुम्ही विचारलंत तसंच तो विचारेल. मग माणसं येतील, पाइपावरनं हात फिरवत फिरवत डोंगराकडं बघतील. तुमची जीप बाहेर उभी आहे म्हणून आत्ताच चार जण खिडकीतून डोकावून गेले.

फॉर्म पुढे घ्या. पहिल्या चौकोनावर खूण करा. 'चालू'. हो, शुद्धीवर आहे मी, करा. आता लिहा — मशीन रोज दोन तास चालते. पाणी स्वच्छ आहे, मी स्वतः पिऊन पाहिले. हे तर खरंच आहे, तेवढं मनापासून लिहा. गाळणी? नवीकोरी आहे, उत्तम काम देते. अहो, कळतंय मला! असं लिहिलं की पाचवा मजला फाईल बांधून टाकणार आणि गाळणी या जन्मी येत नाही. आणि गाळणी आली नाही की ताईला रोज चढावं लागणार, तो गुडघा घेऊन, चालवेल तितके दिवस. मी आज तुम्हाला बोलावलं होतं ते तिची सुटका व्हावी म्हणून. आणि तोंड उघडून बसलो. तिचे पाय वाचवायला निघालो होतो, आता तिचा जीव वाचला तरी पुष्कळ. लिहा तुम्ही.

खाली आभाराची जागा असेल. असते ती, नेहमी भरपूर सोडलेली असते. तिथे लिहा, गावकरी सरकारचे ऋणी आहेत. मोठ्या अक्षरात. राजदूतांना पाचवं उद्घाटन करायचं असेल तर अवश्य या म्हणावं, भिंतीला अजून जागा आहे. द्या, सही करतो. झालं.

उठा आता, साहेब. राग नाही माझा तुमच्यावर. अकराला वीज सोडायची असते, पाच मिनिटं उरलीत, ताई वर पोचली असेल. तुम्ही खोलीत असताना तो स्विच मी टाकणार नाही. जीपमध्ये बसा आणि सरळ खालच्या रस्त्यानं जा, डोंगराकडे बघू नका. दार ओढून घ्या जाताना.