क्लचचं तेल कुठे गेलं

हॅलो?… हं, बोल दादा. मी आहे, आई नाही. ती फोन घरीच ठेवून गेलीय… विसरून नाही रे, मुद्दाम.

हो, उस्तादने तुला फोन केला असणारच… काय म्हणाला?… गॅरेज बंद पाडलं? बंद कसलं पाडलं, फाटकात गाडी उभी केली. तीन तास… आपलीच गाडी. आता भंगारातच जाणार असं त्याने तुला सांगितलं होतं ना, तीच.

…दादा, आवाज खाली. ऐकायचं असेल तर पहिल्यापासून ऐक, नाहीतर ठेवते मी… बरं.

औषधांच्या दुकानापुढचा तो दिवस आठवतो ना? आई सिग्नलला क्लच दाबून उभी होती. पेडल पायाखालून आपोआप तळाला गेलं आणि गाडी उडी मारून दुकानाच्या पायरीवर चढली. काच फुटली. लागलं कुणालाच नाही. तू आलास, उस्ताद आला. आणि भर गर्दीत तो म्हणाला, ‘आजी, आता पाय ऐकत नाहीत तुमचे.’ तू तिच्या हातातून किल्ली काढून घेतलीस… हळूच घेतलीस, हो. पण घेतलीस. मीही तिथेच होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. नाही म्हणत नाही मी.

…तुला वाटलं, पटलं तिला? अरे, तिला पटत असतं तेव्हा ती भांडते. गप्प बसली की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

सहा आठवडे ती रोज दुपारी खाली जायची आणि त्या उभ्या गाडीत बसायची… किल्ली कशाला लागते? मागचं डावं दार कधी नीट लागलंय? मला वाटायचं, बाबांची आठवण येत असेल, बसू दे. तर ही बया आत बसून पेडल दाबून बघायची. दाबायचं, धरायचं, ते कसं हळूहळू खाली जातं ते बघायचं. एक दिवस वर आली ती एक चप्पल पायात, एक हातात. हातातली माझ्या नाकाखाली धरली, वास घे म्हणाली. तळवा तेलाने चिकट.

मग डेपोवाल्या बाईंना बोलावलं… अरे तळमजल्यावरच्या. तू त्यांना जिन्यात कपडे वाळत घालू नका म्हणाला होतास, त्याच. एकतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढलीत त्यांनी. पेडलच्या मागे बोट फिरवलं, चोळलं, बॉनेट उघडायला सांगितलं. क्लचचा मास्टर सिलिंडर म्हणजे काय माहितीये तुला?… मलाही कुठे माहिती होतं. एक नळकांडं असतं. पेडल दाबलं की ते तेल पुढे ढकलतं, तेव्हा कुठे क्लच सुटतो. आतलं रबर झिजलं की तेल मागे झिरपतं, आणि आपण नुसतेच पाय मारत बसतो. त्याच्या खालचा सगळा रंग पोपडे येऊन उडालेला, पत्रा उघडा. ते तेल रंग खातं म्हणे. एवढा रंग खायला दीड-दोन वर्षं जातात. बाई हात पुसत म्हणाल्या, हे पायाचं पाप नाही.

…थांब, मला बोलू दे. दोन वर्षं ते बॉनेट कोण उघडत होतं? तेल उतरलं की गुपचूप वरून भरून कोण देत होतं? दोनदा क्लच प्लेट बदलली, दोन्ही वेळेला आईच्या पायाला नावं ठेवली, आणि गाडी काढायची ठरली तेव्हा ‘मीच घेतो’ म्हणून पुढे कोण आलं?… हं, उस्तादच.

दुसऱ्या कुणाकडे द्यायची होती?… मीही तेच म्हणाले. पण ती म्हणाली, मी स्वतः बदलणार. एवढ्या जुन्या गाडीचा नवा सिलिंडर मिळेना. बाईंनी सगळा बाजार पालथा घातला तेव्हा एका अंधाऱ्या दुकानात, वरच्या फळीवर सापडला. पेडलची पिन काढायला आई सीटवर उलटी झाली, डोकं पेडलांपाशी आणि पाय मागच्या सीटवर. सहासष्टाव्या वर्षी. दोनच नट होते, त्यातला एक गंजलेला. पहिला दिवस त्याच्यातच गेला. बाई बाहेरून सांगायच्या, पान्याला झटका देऊ नका, भार द्या. संध्याकाळी तो नट सुटला तेव्हा आई हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

आणि मी सुटले असं वाटतंय तुला? नवा बसवल्यावर नळीतली हवा काढायची असते. पेडलवर मला बसवलं. बाई गाडीखाली, आई माझ्या डोक्यावर उभी. दाब म्हटलं की दाबायचं, धर म्हटलं की धरायचं, बुडबुडे निघाले की पुन्हा. किती वेळा कोण जाणे. पोटऱ्यांत गोळे आले. मी म्हटलं, आता बास. तर म्हणाली, ‘त्या दिवशी गप्प उभं राहताना नाही दुखले पाय? दाब.’

…हो, असंच म्हणाली. मी दाबत राहिले.

आज सकाळी मला आणि बाईंना मागे बसवलं आणि नवी किल्ली लावून निघाली… करून आणली. गाडी तिच्या नावावर आहे, दादा, तू ते जरा विसरतोस. उस्तादच्या गॅरेजात टॅक्सीवाले चहा पीत उभे होते. हिने रिव्हर्स टाकून एका दमात गाडी आत घेतली. आवाज चढवला नाही. जुना सिलिंडर त्याच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, क्लचचं तेल कुठे जात होतं? तो म्हणाला, आजी, गाडी म्हातारी झाली. ती म्हणाली, म्हातारी कोण ते नंतर बघू, तेल कुठे जात होतं ते सांगा. टॅक्सीवाल्यांपैकी एकाने सिलिंडर हातात घेतला, बॉनेटमध्ये डोकावला, आणि उस्तादकडे असा बघायला लागला की त्याचा चहा तसाच राहिला. आपली टॅक्सी उचलून निघाला तो. त्याच्यामागे आणखी एक.

तिला माफी नकोच होती… नाही, भरपाईही नाही. एकच अट. जिथे बोललात तिथेच येऊन बोला. औषधांच्या दुकानापुढे, त्याच लोकांसमोर. तो हसला. मग ही बाहेर आली, गाडी फाटकात आडवी लावली, काचा वर केल्या आणि शब्दकोडं काढून बसली. ना गाडी आत, ना गाडी बाहेर. तो म्हणाला, पोलिसांना बोलावतो. ही म्हणाली, बोलवा, त्यांनाही तेल दाखवू. तीन तासांनी उस्ताद पायी निघाला. पुढे तो, मागे आई, आणि तिच्यामागे मी आणि बाई. दुकानदार काउंटर सोडून पायरीवर आला. उस्ताद म्हणाला, ‘या बाईंचे पाय ठीक होते. दोष माझ्या कामाचा होता.’ आईने त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मागे उभ्या असलेल्यांना ऐकू आलं नाही म्हणाली.

…जास्त झालं? तुला जास्त वाटतंय?

दादा, ती गाडी कुठे जायची, माहितीये का तुला? आठवड्यातून तीनदा, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मावशीच्या वृद्धाश्रमात. तिथे बस जात नाही. सहा आठवड्यांत आई फक्त दोनदा गेली, टॅक्सीने. दुसऱ्यांदा गेली आणि येऊन न जेवता झोपली. काय झालं ते मला चार दिवसांनी सांगितलं… नाही, तुला कशाला सांगेल?

आणि हे आता ऐकशीलच, तर माझ्याकडूनच ऐक. मावशीला ती घरी आणतेय. कायमची. तुझ्या खोलीत… हो, तुझीच. लग्नानंतर अकरा वर्षं तू तिला कुलूप लावून ठेवलंयस. कुलूप काल बाईंनी त्याच पान्याने काढलं… तुझं सामान? सहा खोकी, गिटार आणि तो व्यायामाचा बाक. सगळं टपावर बांधून आई तुझ्याकडेच निघालीय. तास झाला.

…एकटीच रे. तुमच्या त्या चढावर क्लच कसा धरतो तेही तिला बघायचं होतं.

…हॉर्न? तीच असेल. खिडकीतून बघ… वर ये म्हणू नकोस, येणार नाही ती. तू खाली जा. फोन चालू ठेव… दोरी तू सोड, तिला नको सोडायला लावूस… आई काही बोलतेय?… नुसती बघतेय. बघू दे.

…कोण? मागच्या सीटवर?… मावशी? अरे, मला तर उद्या आणणार म्हणाली होती… बरी दिसतेय ना? काच खाली करायला सांग, बोल तिच्याशी. तुला अंगाखांद्यावर खेळवलंय तिने…

…काय विचारलं तिने?

…पुन्हा सांग.

…नाही रे, चेष्टा नाही करत ती. दादा, आईलाही तिने हेच विचारलं होतं. त्या दुसऱ्या वेळेला. ‘बाई, तुम्ही कोण?’ म्हणाली… हो, सहा आठवड्यांत… आधी ओळखायची. चांगली ओळखायची.

तू रडतोयस का?… आईकडे नको बघूस. मावशीला नाव सांग तुझं. हळू सांग, आणि ती विसरली तर परत सांग… दादा?… हॅलो?…